रोज शून्यच असतं का?

"मॅडम, हे रोज शून्यच असतं का?"

टीममध्ये येऊन तिला जेमतेम तीन आठवडे झाले होते. सकाळचे साडेनऊ वाजलेले. मी डबा फ्रीजमध्ये ठेवून नुकतीच खुर्चीत टेकले होते आणि ती मागं उभी राहून माझ्या स्क्रीनवरचा मेल वाचत होती. शाखांकडून रात्री येणाऱ्या फायली तपासून झाल्या की आमची स्क्रिप्ट, म्हणजे ओळीनं लिहिलेल्या कमांडची फाइल, तो मेल पाठवते. दोनच ओळी असतात त्यात. आलेल्या फायली: ६४. खराब फायली: ०. मी मेल बंद करत म्हणाले, "हो. म्हणजे सगळं नीट चाललंय." तिनं मान डोलावली आणि जागेवर जाऊन बसली. जूनचे दिवस होते, खिडकीबाहेर पाऊस सुरू झाला होता, बाहेरून आलेल्या प्रत्येकाच्या छत्रीचं पाणी कार्पेटवर ठिबकत होतं. हे सगळं मला इतकं लख्ख आठवतं, कारण नंतर मी ती सकाळ मनात कितीतरी वेळा परत उघडून बघितली आहे.

पाच-सहा आठवड्यांनी एका शाखेतून फोन आला. दोन दिवसांच्या नोंदी वरच्या हिशेबात दिसत नाहीत. मी लॉग काढला, म्हणजे स्क्रिप्ट चालताना लिहीत जाते ती नोंदवही. त्या दोन्ही रात्रींच्या फायली अर्धवट आल्या होत्या, चेकसम (फाइल शाबूत आली का ते ताडून बघायचा आकडा) जुळला नव्हता, आणि स्क्रिप्टनं तसं लॉगमध्ये लिहूनही ठेवलं होतं: फाइलचं नाव, वेळ, पुढं 'खराब' असा शब्द. मग मी त्याच सकाळचे मेल काढले. खराब फायली: ०. दुसऱ्या दिवशीचा. खराब फायली: ०. शेजारी-शेजारी दोन खिडक्या उघडून ठेवल्या. एकीत खराब फाइल नावानिशी हजर, दुसरीत ती नाहीच. दोन्ही एकाच स्क्रिप्टनं लिहिलेलं, दोहोंत काही सेकंदांचं अंतर.

लूप, म्हणजे यादीतल्या प्रत्येक नावासाठी तेच काम पुन्हापुन्हा करणारा तुकडा, अगदी साधा होता. फायलींची यादी कॅट या कमांडनं वाचायची, पाइपमधून, म्हणजे एका कमांडचं आउटपुट दुसरीकडं नेणाऱ्या नळीतून, ओळ-ओळ उचलणाऱ्या व्हाइल रीडला द्यायची. एकेक नाव हातात येईल तसा त्याचा चेकसम पडताळायचा. जुळला नाही तर नाव लॉगमध्ये टाकायचं आणि 'खराब' या व्हेरिएबलमध्ये, म्हणजे आकडा ठेवायच्या कप्प्यात, एक मिळवायचा. डन. तिथं लूप संपतो. त्याच्या खालच्या ओळीवर मेलचा मजकूर, आणि त्याखाली, आकडा शून्याहून मोठा असेल तर ड्यूटीवरच्या माणसाला एसएमएस. कित्येक महिन्यांत हा एसएमएस कुणाला आला नव्हता. आम्हाला वाटायचं, आपलं काम चोख आहे.

मी स्क्रिप्ट ट्रेस लावून, म्हणजे चालणारी प्रत्येक ओळ समोर दिसेल अशी, चालवली, मुद्दाम त्या दोन तुटक्या फायली यादीत ठेवून. ओळी सरकत गेल्या. खराब बरोबर एक. काही नावं गेली. खराब बरोबर दोन. मी बघत होते, आकडा वाढत होता. मग डन आलं, आणि लगेच पुढच्या ओळीत मेलचा मजकूर. खराब फायली: ०. मधे कुणीही त्या व्हेरिएबलला हात लावलेला नव्हता. शून्य करणारी एकही ओळ तिथं नव्हती. मी तीच स्क्रिप्ट पाच-सहा वेळा चालवली असेल. दरवेळी दोन, आणि दरवेळी शून्य.

लूप वेगळ्याच प्रोसेसमध्ये, म्हणजे मशीनवर स्वतंत्र चालणाऱ्या कामात, जात असावा ही माझी शंका खरी होती, पण खात्री करून घ्यायला गेले आणि तिथंच तासभर अडकले. लूपच्या आत वेगळी प्रोसेस चालत असेल तर तिचा नंबरही वेगळा असणार, म्हणून लूपच्या बाहेर आणि आत डॉलर-डॉलर, म्हणजे प्रोसेसचा नंबर सांगणारी खूण, छापून बघितलं. दोन्हीकडे एकच नंबर. म्हणजे प्रोसेस तीच, असं मी धरून चालले आणि नको तिथं शोधत बसले. नंतर आठवलं की डॉलर-डॉलर हा मूळ शेलचाच, म्हणजे स्क्रिप्ट चालवणाऱ्या प्रोग्रॅमचाच, नंबर सांगतो, त्याच्या प्रतीत, सबशेलमध्ये, विचारलं तरी. तिथं खरोखर जी प्रोसेस चालू आहे तिचा नंबर हवा असेल तर बॅशमध्ये, म्हणजे आमच्या शेलमध्ये, बॅशपिड विचारावं लागतं. ते विचारलं. बाहेर एक नंबर आला, आत दुसरा.

तेव्हा कुठं चित्र दिसलं. पाइप टाकली की बॅश तिच्या दोन्ही बाजूंना एकेक वेगळी प्रोसेस उभी करतो. कॅट एकीत, आणि आपला अख्खा लूप दुसरीत. ही दुसरी प्रोसेस म्हणजे मूळ शेलची त्या क्षणाची हुबेहूब प्रत. सगळी व्हेरिएबल्स तिला मिळतात, 'खराब'सुद्धा, त्यातल्या शून्यासकट. त्या प्रतीनं आपलं काम प्रामाणिकपणे केलं. मोजलं, दोनपर्यंत पोचली, लॉगमध्ये लिहिलं, आणि डन येताच संपली. तिच्याबरोबर तिचे दोनही संपले. मूळ शेल बाहेर थांबून राहिलं होतं, त्याच्याकडचं 'खराब' होतं तसंच होतं. त्यानं जे छापलं ते त्याच्यापुरतं खरंच होतं.

त्या शाखेकडं मूळ फायली उरल्या नव्हत्या. तिथलं सॉफ्टवेअर महिन्याभरापूर्वीच्या फायली आपोआप पुसतं. व्हाउचरं मात्र होती. रविवारी सकाळच्या एसटीनं मी तिथं गेले. ऑफिसमधून कुणी जा म्हणालं नव्हतं, पण माझ्या स्क्रिप्टमुळं चार माणसांची सुट्टी जाणार होती आणि मी घरी बसून राहणं मला जमलं नसतं. शाखेचं शटर अर्धं वर केलेलं, आत ट्यूबलाइट, आणि जुन्या कागदाचा, सुतळीचा, डिंकाचा असा मिळून एक वास. एक ताई व्हाउचरवरचा खाते क्रमांक आणि रक्कम मोठ्यानं वाचायच्या, मी टाइप करायचे, शेजारी एक मुलगा बेरीज पडताळायचा. दुपारी कुणीतरी घरून थालीपीठ आणि दही आणलं. मला कुणीही एका शब्दानं बोललं नाही. तेच जास्त जड गेलं.

तिथले कॅशियर काका निवृत्तीला आलेले. एक गठ्ठा वाचून झाला की ते त्याला रबर लावायचे आणि टेबलावरच्या काचेवर एक टाचणी बाजूला काढून ठेवायचे. दुसरा गठ्ठा, दुसरी टाचणी. मुलगा म्हणाला, "काका, कम्प्युटरवर दिसतंय की किती झाले." काका म्हणाले, "तुझं तू बघ. माझं इथं असू दे." आणि तिसरी टाचणी ठेवली.

एसटीतून परत येताना मला आमचं खळं आठवत राहिलं.

आमचं गाव सोलापूरकडं, ज्वारीचं. मळणी झाली, उफणून झालं, रास लागली की मोजणी व्हायची. आजोबा पायली घेऊन राशीपाशी बसायचे. पायली राशीत खुपसायची, वरून हाताच्या कडेनं सारखी करायची, पोत्यात उलटायची. पहिली पायली पडली की ते 'एक' म्हणत नसत. "लाभ" म्हणायचे. मग दोन, तीन, चार. आवाज एका लयीत, ना चढ ना उतार. तेव्हा त्यांच्याशी कुणी बोलायचं नाही, समोरून जायचं नाही. भुसा अंगाला चिकटून खाज सुटलेली, नाकात ज्वारीची धूळ, तरी आम्ही पोरं गप्प बसून राहायचो. माझं काम एकच. वीस पायल्या झाल्या, आजोबांनी मान हलवली, की एक खडा राशीपासून लांब, धोतराच्या पसरलेल्या कापडावर ठेवायचा. आणि ते पुन्हा "लाभ"पासून सुरू करायचे.

मी एकदा विचारलं होतं, तुम्ही तर मोजता, मग खडा कशाला? आजोबा म्हणाले, "मोजणाऱ्याच्या तोंडात फक्त विसापर्यंत राहतं. पुढचं बाहेर ठेवावं लागतं." मला तेव्हा वाटलं, त्यांना पुढचे आकडे येत नाहीत. तसं नव्हतं. कुणी हाक मारली, वारं सुटलं, बैल सुटला, तर तोंडातला आकडा जातो. कापडावरचा खडा जात नाही.

आमच्या स्क्रिप्टमध्येही असा खडा होताच की. लॉग. लूपमधल्या त्या प्रतीनं डिस्कवर जे लिहिलं ते तिच्या मागंही राहिलं, कारण फाइल कुणा एका प्रोसेसच्या मालकीची नसते. फक्त रोज सकाळी खडे मोजायला कुणी गेलं नाही. मी गेले नाही.

ही स्क्रिप्ट मुळात माझी नाही. आमच्या आधीच्या एका सिनियरांनी ती लिहिली होती, तेव्हा आमच्याकडे एआयएक्स या ऑपरेटिंग सिस्टिमची मशीन होती आणि पहिल्या ओळीत कॉर्न या दुसऱ्या शेलचं नाव होतं. तिथं तिनं कित्येक वर्षं बरोबर मोजलं. जुन्या मेलमध्ये मला 'खराब फायली: ३' अशा ओळीसुद्धा सापडल्या. कारण डेव्हिड कॉर्न यांच्या शेलमध्ये पाइपच्या शेवटच्या टोकाचं काम मूळ शेल स्वतःच करतं, त्याच्यासाठी प्रत काढत नाही. झेडशेलही तसंच करतो. बॅश प्रत काढतो. पॉझिक्स, म्हणजे युनिक्स पद्धतीच्या सिस्टिमचं प्रमाण, दोन्ही चालतं म्हणतं. नियम सबशेलचा, पण कुणाला मूळ शेलमध्ये चालवायचं असेल तर मुभा. म्हणजे लिनक्सवर येताना मी पहिल्या ओळीत कॉर्नच्या जागी बॅश लिहिलं, दोन-चार कमांडचे पर्याय बदलले, स्क्रिप्ट एकही एरर न देता चालली आणि मी समाधानानं पुढच्या कामाला लागले. लूपमधलं अक्षरही बदललं नव्हतं. मोजलेलं कुठं जमा होतं, ते तेवढं बदललं होतं.

त्या आठवड्यात मी रात्री जागून यामागचं जुनं वाचत बसले. कामासाठी गरज नव्हती, पण ते मनातून जात नव्हतं. पाइपची कल्पना डग मॅकिलरॉय यांची. प्रोग्रॅम एकमेकांना बागेतल्या नळीसारखे जोडता आले पाहिजेत, असं त्यांनी १९६४ सालीच लिहून ठेवलं होतं. युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये ती प्रत्यक्ष आली १९७३ साली, केन थॉम्प्सन यांच्या हातून. प्रोसेसची प्रत काढणारं फोर्क त्याहून आधीचं, पीडीपी-७ या छोट्याशा मशीनवरचं. युनिक्स घडवणाऱ्यांपैकी डेनिस रिची यांनी त्या दिवसांबद्दल लिहिलंय की तिथलं फोर्क अवघ्या २७ ओळींत बसलं होतं. आणि त्यांनी पुढं जे लिहिलंय ते वाचून मी लॅपटॉप बाजूला ठेवून बराच वेळ नुसती बसून राहिले.

फोर्क आल्यावर त्यांची आधी नीट चालणारी एक कमांड बंद पडली. डिरेक्टरी बदलण्याची, चेंज डिरेक्टरी. कमांड एरर देत नव्हती, पण दिल्यावर माणूस होता तिथंच राहायचा. त्यांनी कोड पुन्हापुन्हा वाचला, फोर्कमुळं यात काय मोडलं असेल याचा काळजीनं विचार केला. शेवटी लक्षात आलं की मोडलं काहीच नाही. कमांड आता शेलच्या पोटच्या प्रोसेसमध्ये चालत होती, ती प्रोसेस इमानेइतबारे दुसऱ्या डिरेक्टरीत जात होती आणि तिथंच संपत होती. शेल आपलं जागच्या जागी. म्हणूनच आजही सीडी ही कमांड शेलच्या आतच असते, बाहेरचा प्रोग्रॅम म्हणून तिला काम करता येणार नाही. ज्यांनी फोर्क घडवलं त्यांनाच ते पहिल्यांदा असं चकवून गेलं होतं. मला त्यातून धीर आला असं नाही म्हणता येणार, कारण त्यांच्या चुकीमुळं कुणाचा रविवार गेला नव्हता. पण रात्री दीडच्या शांततेत वाटलं, आपण एकट्या नाही.

सोमवारी मी त्या मुलीला बोलावलं आणि जूनमधल्या त्या सकाळची आठवण दिली. तिला आठवत होतं. "मला वाटलं मी काहीतरी वेड्यासारखं विचारलं," ती म्हणाली. मी तिला सांगितलं की तो त्या दोन-अडीच महिन्यांतला सगळ्यात शहाणा प्रश्न होता आणि मी त्याचं उत्तर न बघता दिलं. मग आम्ही दोघींनी एकाच कीबोर्डवर बसून ते सगळं पुन्हा केलं.

ती जावा या भाषेवर शिकलेली. तिच्या हिशेबात महिरपी कंस म्हणजे भिंत. फॉर लूपच्या कंसात जन्मलेला आय हा व्हेरिएबल कंस संपला की संपतो. शेलमध्ये तिनं फॉर लूप लिहिला, डननंतर आय छापला, आणि शेवटची किंमत जशीच्या तशी समोर आली. ती चकित झाली. पाइप नसलेल्या लूपमध्ये बाहेर काही राहत नाही असं नाही, उलट सगळंच राहतं. डू आणि डन यांची खोली होतच नाही. मग तिनं लूपमधून एक फंक्शन बोलावलं, त्या फंक्शनच्या आतही एक आय होता, लोकल न लिहिलेला, आणि त्यानं बाहेरच्या लूपच्या आयवर आपली किंमत घातली. लोकल लिहिलं तेव्हा थांबलं. महिरपी कंसात ओळी घातल्या, काही फरक नाही. साध्या गोल कंसात घातल्या, आतलं आतच राहिलं, कारण गोल कंस म्हणजे सबशेल. ती कागदावर दोन रकाने करून लिहून घेत होती. शेवटी म्हणाली, "म्हणजे मॅडम, इथं भिंत दिसत नाही. प्रोसेस वेगळी झाली की भिंत." मी इतक्या वर्षांत हे इतक्या थोडक्यात कुणाला सांगितलं नव्हतं.

दुरुस्ती फार नव्हती. यादी फाइलमध्येच होती, तर कॅटची आणि पाइपची गरजच नव्हती; डनच्या पुढं बाण काढून यादीचं नाव दिलं की लूप मूळ शेलमध्येच चालतो. जिथं फायली शोधणाऱ्या फाइंडसारख्या कमांडचं आउटपुट थेट वाचायचं होतं तिथं प्रोसेस सब्स्टिट्यूशन वापरलं, म्हणजे ते आउटपुट फाइलसारखं लूपपुढं ठेवलं. त्यात दोन बाणांच्या मधली मोकळी जागा विसरायची नसते, नाहीतर शेल त्याला हिअर-डॉक्युमेंट, म्हणजे स्क्रिप्टमध्येच लिहिलेला मजकूर, समजून बसतं. ती ते दोनदा विसरली, मी एकदा. बॅशच्या ४.२ मध्ये, २०११ साली, लास्टपाइप नावाचा एक पर्याय आला आहे. तो चालू केला की बॅशही कॉर्नसारखं वागतो. पण जॉब कंट्रोल (टर्मिनलवर चालू कामं थांबवायची, पुन्हा चालवायची सोय) चालू असताना त्याचा उपयोग होत नाही, म्हणजे स्क्रिप्टमध्ये चालतं आणि टर्मिनलवर तपासून बघावं तर चालत नाही. मी तो घेतला नाही. एका ओळीवर असलेलं हे अवलंबन पुन्हा कुणीतरी मशीन बदलताना पुसून टाकेल, याची मला आता भीती वाटते.

दुरुस्त स्क्रिप्ट चालवली. खराब फायली: २. ती हसली. मी हसले नाही, मला रडू येईल असं वाटलं. एवढीशी ओळ ती, पण मी कित्येक महिने तिच्याकडे बघून चहा घेतला होता आणि निवांत झाले होते.

"पण मॅडम," ती म्हणाली, "उद्यापासून परत शून्य आलं तर? ते खरं आहे हे कसं कळणार?"

या वेळी मी लगेच काही बोलले नाही. आम्ही कॉफी आणायला खाली गेलो, परत आलो, आणि तिनंच मार्ग सांगितला. आम्ही एक तुटकी फाइल तयार केली. नाव सरळ, आकार सरळ, फक्त चेकसम चुकीचा. कुठल्याच शाखेची नाही, हिशेबात कुठंही जाणार नाही अशी. ती रोज रात्री यादीच्या शेवटी ठेवली जाते. स्क्रिप्टनं तिला खराब म्हणून पकडलंच पाहिजे आणि तो आकडा लूपच्या बाहेर आलाच पाहिजे. एसएमएसची अट एकाहून जास्तवर नेली, आणि शून्यासाठी दुसरी लावली. मेलमध्ये शून्य दिसलं तर आता दोघींचे फोन वाजतात.

परवा मी सुट्टीवर होते, गावी. खळ्याच्या जागेवर आता पत्र्याची शेड आहे आणि ट्रॅक्टर उभा असतो. ज्वारी वजनावर जाते, पायली माळ्यावर उपडी पडलेली आहे, तिच्या पितळी पट्टीला हिरवं चढलंय. मी ती खाली काढून चिंचेनं घासत बसले होते तेव्हा फोनवर तिचा मेसेज आला. सकाळचे साडेनऊ.

"मॅडम, आज एकच."

मी हात पुसले आणि उत्तर लिहिलं, "लाभ." तिनं लगेच विचारलं, लाभ म्हणजे? मी म्हटलं, सोमवारी आले की सांगते.